जावईबापू, बटण दाबू नका!

मुंबईचा माणूस पुण्याला आगगाडीने निघाला तर त्याला कर्जत म्हणजे दिवाडकरांचा वडा, आणि मोटारीने निघाला तर खालापूर म्हणजे टोलनाका. वडा आणि टोल यांच्या मधल्या वीस-पंचवीस किलोमीटरांत माणसं राहतात, भात पिकवतात, सोयरिकी करतात आणि बँकेत रांगा लावतात, याची त्याला कल्पना नसते. मला आहे. कारण त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या आत, मीच बसलेला असतो.

तर या वीस-पंचवीस किलोमीटरांत गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी एक मिरवणूक निघाली होती. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, ट्रॉलीत भाताच्या पेंढ्यावर बसवलेली एक लाल रंगाची, दोनच माणसं मावतील एवढी विलायती मोटार, आणि तिच्यामागे स्कूटरवर हेल्मेटातून नवऱ्याला सूचना देणारी एक स्त्री. ती स्त्री माझी पत्नी. सूचना कुणाला होत्या हे सांगायला नकोच.

पण त्याआधी अप्पांविषयी सांगायला हवं. आणि अप्पांविषयी सांगायचं तर बँकरांविषयी.

कर्जतमध्ये दोन प्रकारचे बँकर असतात. एक आमच्यासारखे, म्हणजे बी. कॉम. होऊन काउंटरला चिकटलेले. दुसरे रेल्वेचे. कर्जतच्या पुढे बोरघाटाचा चढ लागतो, एकास सदतीस. सदतीस फूट पुढे जायचं तर एक फूट वर चढायचं. बँकेतल्या बढतीच्या मानाने हा चढ काहीच नाही, पण आगगाडीला तो भारी पडतो. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं जोडतात. ती मागून ढकलत ढकलत गाडी लोणावळ्यापर्यंत चढवून देतात. त्या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. गाडी वर पोचली की बँकर सुटतो आणि रिकामा घाट उतरून परत कर्जतला येतो. प्रवाशाला तो लागतो तेव्हा धक्क्यामुळे कळतं. सुटतो ते कळतही नाही. तोपर्यंत लोणावळ्याची चिक्की आलेली असते.

अप्पा हे अशा बँकरचे ड्रायव्हर. नात्याने माझे चुलत सासरे. माझ्या लग्नाच्या बोलणीत, नुसतं ‘क्लार्क’ म्हटलं तर स्थळ हलकं वाटेल म्हणून आमच्या मामांनी घसा खाकरून सांगितलं, “मुलगा बँकर आहे.”

कोपऱ्यात बसलेले अप्पा एकदम सावरून बसले. “कोणत्या इंजिनावर?”

“कॅश काउंटरवर,” मी म्हणालो.

“म्हणजे ढकलत नाही?”

“ढकलतो ना. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.”

अप्पा हसले आणि लग्न जमलं. तेव्हापासून ते मला जावईबापू म्हणतात आणि खुशीत असले की बँकर म्हणतात.

अप्पा रेल्वेत लागले तेव्हा घाटात ‘खेकडा’ नावाची जुनी इंजिनं होती. १९२८ सालच्या सुमाराला परदेशातून आलेली. पुढे डब्ल्यूसीजी-२ आली, ती चित्तरंजनला बनलेली. अप्पांनी दोन्ही हाकली. तीसेक वर्षं हा माणूस रोज पुण्याच्या दिशेने निघाला आणि लोणावळ्याच्या पुढे कधी गेला नाही. समोर सतत कुणाच्या तरी गाडीचा शेवटचा डबा. २०२३ साली मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ती बँकर न घेताच घाट चढते. अप्पा तिला ‘माजलेली’ म्हणतात.

आणि याच माणसाने १९७६ साली खंडाळ्याच्या एका पारशी सद्गृहस्थांकडून साडेतीन हजार रुपयांना ती मोटार घेतली. एम.जी. टीसी, १९४८ सालची. एम.जी. म्हटलं की मला नोटेवरचे महात्मा गांधी दिसतात, तो माझ्या धंद्याचा दोष. पण हे एम.जी. म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’, ऑक्सफर्डचं एक मोटारींचं दुकान. त्यांचा कारखाना अ‍ॅबिंग्डनला होता आणि हे मॉडेल त्यांनी १९४५ ते १९४९ या काळात दहा हजारांच्या आसपास काढलं. साडेबाराशे सीसीचं इंजिन, तारांची उंच चाकं, उलट्या बाजूने उघडणारे दरवाजे, पुढे आडवी पडणारी काच. दोन माणसांच्या गाडीत पाच माणसांचा संसार बसणार नाही हे काकूंनी तेव्हाच सांगितलं होतं. अप्पा म्हणाले होते, “जिच्यापुढे कुणाचा डबा नाही अशी एक तरी गाडी आयुष्यात चालवू दे.” त्यावर काकू काही बोलल्या नाहीत. पुढे दर रविवारी शेजारच्या सीटवर मात्र त्याच असायच्या.

काकू गेल्या त्या वर्षी, म्हणजे २०११ साली, गाडी गोठ्यात गेली ती बाहेर आलीच नाही. बँकेच्या भाषेत खातं ‘इनऑपरेटिव्ह’ झालं. वर कोंबड्या, आत मांजर. या गाडीचा सांगाडा लाकडी असतो हे मला माहीत नव्हतं. गंज लागलेल्या मोटारी मी पुष्कळ पाहिल्या आहेत, वाळवी लागलेली मोटार त्या गोठ्यात पहिल्यांदा पाहिली.

आता अप्पा ऐंशीला टेकले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचा उपयोग होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. लायसन्सची मुदत संपली. गोठ्याची जमीन वाटणीत गेली आणि पावसाळ्यापूर्वी गोठा पाडायचा ठरला. मग खालापूरकडे शेड घेऊन जुन्या मोटारी नीट करणारे एक गृहस्थ आले, गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि चेक फाडला. आकडा सांगत नाही, बँकेच्या गोपनीयतेत बसत नाही. ते म्हणाले, “काका, आता २०२१ पासून नवा नियम आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. वीस हजार भरायचे, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नोंदणी दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला मात्र परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन वगैरे.”

“म्हणजे पेन्शनच की,” अप्पा म्हणाले. “मला तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. हिला दहा वर्षांनी!”

चेक त्यांनी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. “उद्या शाखेत आणा, भरून टाकू,” मी म्हणालो. ते हो म्हणाले.

उरला प्रश्न गाडी न्यायची कशी.

बायको म्हणाली, “टोइंगवाल्याला फोन करा. सपाट पाठीची गाडी येते, वर घेते, नेते. चार हजार रुपये. विषय संपला.” विषय संपवणं हा आमच्या घरात तिचा प्रांत आहे. पण माझ्यातला कॉमर्स जागा झाला. वीस-पंचवीस किलोमीटरला चार हजार? गावातला ट्रॅक्टरवाला पोरगा पंधराशेत येणार होता. शिवाय टोइंगचा ट्रक गोठ्यापर्यंतच्या पाणंदीत शिरला नसता. मी ट्रॅक्टर ठरवला.

याच खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. १६६१ साली कारतलबखान मोठं सैन्य आणि अवजड सामान घेऊन त्या खिंडीत शिरला आणि शिवाजी महाराजांनी त्याला कोंडलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. त्याच्याबरोबर रायबागण नावाची शहाणी बाई होती. तिने, इकडे येण्यातच चूक झाली, आता शरण जा, असा सल्ला दिला. शाळेत हा धडा वाचताना मला खानाची कीव आली नव्हती. आता येते. खानाची रायबागण निदान स्कूटरवरून मागे मागे येत नव्हती.

अप्पांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. शनिवारी रात्री तो व्हिडिओवर आला. “भाऊजी, इकडे आम्ही ट्रेलर आणतो. जमिनीलगत असतो, मागे लांब रॅम्प, पुढे विंच. कळ फिरवली की गाडी आपोआप वर. इंजिन पुढे येईल अशी चढवा. एकूण वजनाचा दहावा हिस्सा पुढच्या हुकावर आला पाहिजे. मागे वजन गेलं तर ट्रेलर शेपटासारखा हलतो आणि ओढणाऱ्यालाच आडवा पाडतो. नुसत्या गाडीचं धरलं तरी आठशे किलोचे ऐंशी. म्हणजे साधारण तुम्ही हुकावर बसल्याएवढं.”

मागून बायको म्हणाली, “त्र्याऐंशी.”

“आणि दोर चाकांच्या तारांतून ओवू नका. तारा वाकतात. पुढचा आस सलग आहे, त्याला बांधा. मागेही आसालाच. एका बाजूची ओढ डावीकडे, दुसरीची उजवीकडे. आणि पाच-सहा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. पहिल्या गचक्यांनी दोर सैल पडतोच.”

मी सगळं पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

रविवारी सकाळी ट्रॅक्टर आला. पोराने गाडीकडे पाहून विचारलं, “कंची म्हणायची ही?”

“एम.जी.”

“हेक्टर?”

“नाही. टीसी.”

“हेक्टर बरी,” तो म्हणाला. “निदान जमिनीचं माप तरी कळतं.”

ट्रॉलीची फळी जमिनीपासून तीन फूट वर. आम्ही आणलेल्या फळ्या नऊ फुटी. मी त्या फाळक्याला टेकवल्या आणि हात झटकले. अप्पांनी काठी टेकून खालून वर आणि वरून खाली पाहिलं.

“जावईबापू, बोरघाट केवढा?”

“एकास सदतीस.”

“आणि हा?”

मी मनात भागाकार केला. कॉमर्सला असूनही उत्तर चटकन आलं. “एकास तीन.”

“मग आणखी किती बँकर मागवू?”

शिवाय गाडी लांबीला अकरा फूट सात इंच, ट्रॉली दहा फूट. म्हणजे फाळका बंद होणार नाही आणि दीड फूट शेपूट बाहेर राहणार. मी पासबुकाचं मागचं पान पुन्हा वाचलं. त्यात यावर काही नव्हतं.

ट्रॅक्टरवाला पोरगा तोंडातली काडी काढून म्हणाला, “फळ्या कशाला चढाला? ट्रॉली खालच्या खाचरात घेऊ, मागचं तोंड बांधाला लावू. बांध नि ट्रॉली एका पातळीत. म्हशी नाय का चढवत? म्हशीला कोन रॅम्प देतो?”

भात कापून झालेलं, जमीन कडक. त्याने ट्रॉली मागे मागे घेत बरोबर बांधाला भिडवली. तीन फुटांचा चढ चार बोटांवर आला. नऊ फुटी फळ्या पुलासारख्या आडव्या पडल्या. न्यू जर्सीहून आलेली अर्धी विद्या तिथेच बाद झाली. उरलेली अर्धी मात्र खरी होती, हे पुढे कळलं.

आता ढकलायचं. मागची चाकं जाम होती, कारण १४ वर्षांपूर्वी अप्पांनी गाडी सोडताना रेल्वेच्या शिस्तीने हँडब्रेक ओढून ठेवला होता. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसले होते. आदल्या दिवशीच एका मिस्त्रीने ड्रमवर हातोडीने टकटक करून ते सोडवले होते. पायाचा ब्रेक मात्र पूर्ण गेलेला. गाडी अडवायला उरला हँडब्रेक. म्हणून कुणीतरी आत बसून स्टिअरिंग धरायचं आणि हँडब्रेक सांभाळायचा. ढकलायला गावचे सहा जण उभे होते. बसण्याचं काम बँकेतल्या माणसाला जमेल, असं सर्वानुमते ठरलं.

मी बसलो. समोर काच नाही, बाजूला दरवाजा असून नसल्यासारखा, बूड जवळजवळ जमिनीला. मला क्षणभर आपण कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

“सोडा ब्रेक!” अप्पा ओरडले.

मी हँडब्रेकच्या टोकाचं बटण दाबलं. जगातल्या सगळ्या गाड्यांचा हँडब्रेक तसाच सुटतो.

“हं, जोर लगा के...”

सहा जणांनी जोर लावला. गाडी हलली नाही. पुन्हा जोर. एकाची चप्पल तुटली. कुणीतरी म्हणालं, चाक पुन्हा चिकटलं. मिस्त्रीच्या नावाने शंख झाला. ट्रॅक्टरवाला पोरगा सातवा म्हणून लागला. मी आतून “अजून थोडं, अजून थोडं” असं उत्तेजन देत होतो आणि ब्रेक नक्की सुटावा म्हणून बटण आणखी घट्ट दाबत होतो. बायको स्कूटर स्टँडला लावून आली. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि अप्पांना हाक मारली.

अप्पा काठी टेकत पुढे आले. “जावईबापू, बटण दाबू नका!”

“मग सुटणार कसा?”

“अहो, हिचं उलटं आहे. बटण दाबलं की ब्रेक अडकतो. नुसता जरा मागे ओढून सोडला की सुटतो. शर्यतीची गाडी ही, निघताना वेळ जायला नको म्हणून.”

दहा मिनिटं सात माणसं एका कारकुनाच्या अंगठ्याविरुद्ध जोर लावत होती. कुणी काही बोललं नाही. सोयऱ्यांच्या गावात हेच वाईट. मी हँडब्रेक ओढून सोडला. ‘खट्’ झालं.

“आता बाहेर या,” अप्पा म्हणाले. “बँकरांनी मागे लागावं.”

मी मागे लागलो. अप्पांनी खिडकीतून हात घालून एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने ब्रेक धरला. गाडी आपल्या पायाने गेल्यासारखी फळ्यांवरून ट्रॉलीत शिरली.

खाली पेंढा, चाकांना दोन्हीकडून दगड, आसाला दोर. गाडीचं तोंड पुढे, इंजिन हुकाकडे. मागे दीड फूट शेपूट बाहेर. बाहेर आलेल्या मालाला लाल फडकं बांधतात, ते कुणालाच सुचलं नव्हतं. बायको घरात गेली आणि काकूंच्या ट्रंकेतला एक लाल खण घेऊन आली. गाडीच्या पाठीवरच्या जादा चाकाला तिने तो बांधला, बॉनेटला हळद-कुंकू लावलं. अप्पा दुसरीकडे बघत होते.

कुणी म्हणालं चौकावरून जाऊ. अप्पा म्हणाले, खोपोलीवरून. कारण विचारायची सोय नव्हती, पण रस्ता लागल्यावर कळलं. कर्जत-खोपोली रस्त्याला आगगाडीची सोबत आहे. अप्पा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले होते. गाडीतच बसून जायचा हट्ट त्यांनी धरला होता, पण तो बायकोने मोडून काढला. मी ट्रॉलीत, दगडांवर लक्ष ठेवायला. लग्नाच्या मिरवणुकीत घोड्याबरोबर चालणारा जो असतो, तसा. शाळेची पोरं हात करत होती. एका रिक्षावाल्याने विचारलं, “शूटिंग कुठं आहे?” आणखी एकाने बाजूला येऊन किंमत विचारली. मी आपला कुणालाही अंगठा न दाखवता बसलो होतो. त्या अंगठ्यावरचा माझा विश्वास उडाला होता.

पळसदरीला अप्पांनी थांबायला सांगितलं. “दोर तपासा.”

तपासला. खरंच सैल पडला होता, चांगला चार बोटं. न्यू जर्सीला मी मनातल्या मनात दंडवत घातला आणि दोर आवळला. तेवढ्यात घाटाच्या बाजूने आवाज आला. पळसदरीनंतर एक फाटा खोपोलीला जातो आणि मुख्य लाइन घाट चढू लागते. एक लांबलचक गाडी वर निघाली होती आणि शेवटी तिला मागून ढकलणारे बँकर. अप्पा मडगार्डवरून उतरले, कपाळावर हात धरून, चांगल्या डोळ्याने शेवटचं इंजिन दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. वळणावर शिटी झाली. ती वळणासाठीच असते. अप्पांनी तरी हात वर केला.

शेडवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्या गृहस्थांनी माल उतरवायला सिमेंटचा पक्का उतार बांधून घेतला होता. ट्रॉली त्याला लागली. चढवताना ढकलायचं असतं, उतरवताना अडवायचं, आणि अडवणं जास्त अवघड. आठशे किलो उतारावर सुटली तर समोर अंगण, अंगणापलीकडे भिंत. मागून दोराने रोखून धरायला चार माणसं. आत बसायला कोण?

शेडमधला एक तरबेज मुलगा पुढे झाला. अप्पा म्हणाले, “हँडब्रेक उलटा आहे.” मुलगा म्हणाला, माहीत आहे. त्याने चढून ब्रेक चाचपला आणि सवयीने बटण दाबलं.

अप्पांनी काही न बोलता काठी माझ्या हातात दिली.

मी घड्याळ्यात पाहिलं नाही, पण बायको म्हणते चांगली पाच मिनिटं लागली त्यांना आत बसायला. कुणी हात दिला तो घेतला नाही. बसल्यावर त्यांनी आधी शेजारच्या सीटवरचा पेंढा झाडला. मग टोपी नीट केली. लायसन्स नाही, एक डोळा नाही, इंजिन बंद. नियमात बसेल असं त्यात काहीही नव्हतं. मी नियमांचाच माणूस, पण गप्प उभा राहिलो.

“बँकर तयार?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“तयार,” मी दोर धरून म्हणालो.

‘खट्.’

बारा फूट उतार होता. अप्पांनी तो असा उतरवला की दोराला ताण म्हणून आला नाही. उतार संपल्यावर चारी माणसांनी दोर सोडला. गाडी आपल्या वेगाने अंगणातून पुढे गेली, सावकाश, आवाज न करता. समोर कुणाचाही डबा नव्हता. भिंतीच्या हातभर अलीकडे अप्पांनी ब्रेक ओढला आणि बटण दाबलं.

परत येताना ट्रॉली रिकामी होती. पेंढ्यावर खण पडलेला होता. बायकोने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. रिकाम्या ट्रॉलीतून अप्पा आणि मी कर्जतला आलो. बँकर घाट उतरून येतात तसे.

चेक मात्र शाखेत आला नाही. सोमवारी मी विचारलं, ते म्हणाले, विसरलो. पुढच्या आठवड्यात म्हणाले, पाय दुखतोय. मी सांगितलं, “अप्पा, पूर्वी सहा महिने चालायचा, पण २०१२ पासून चेक तीनच महिने चालतो. नंतर तो कागद.”

“तीन महिने म्हणजे तीन महिने ना?”

“हो.”

“मग झालं.”

मी तारखा मोजत होतो. दुसरं येतंय काय? शेवटच्या दिवशी सकाळी दहाला अप्पा शाखेत हजर. धोतर, कोट, टोपी. चेक आमच्याच बँकेचा, दोन मिनिटांचं काम. मी स्लिप भरून सही घ्यायला काचेतून पुढे केली.

“काउंटर किती वाजता बंद होतं?” त्यांनी विचारलं.

“चारला.”

“मग बसतो जरा.”

पंख्याखालच्या बाकावर ते जाऊन बसले. मी दोनदा चहा पाठवला. आजूबाजूच्या पेन्शनरांना ते हँडब्रेक कसा उलटा असतो ते समजावून सांगत होते. चारला पाच कमी असताना ते काउंटरशी आले, बंडीच्या खिशातून चेक काढला आणि काचेखालून माझ्याकडे सरकवला. एक बोट मात्र त्यावर तसंच ठेवलं.

मी शिक्का उचलला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “बटण दाबा आता.” आणि बोट काढून घेतलं.